फळ ठरवेल ते माप

मंगळवारी सकाळी दहा वाजता माझे सगळे दात काढण्यात आले. बाकावर जुना टॉवेल पसरलेला होता, शेजारी पकड आणि हातोडी. दात निघताना लाकूड करकरत होतं आणि प्रत्येक दाताच्या जागी एक काळं भोक उरत होतं. दुपारी नवी भोकं पाडून नवे दात बसवले गेले. ते जुन्यांपेक्षा जास्त आहेत आणि खेटून उभे आहेत.

मी एक जुनी फणी आहे, मित्रांनो. केस विंचरायची नव्हे, डोंगरावरच्या झुडपांतून रानफळं काढायची. तुम्ही माझ्यासारखी कुणी पाहिली नसेल, म्हणून सांगते. एक लहानसं सूप डोळ्यांसमोर आणा. तीन बाजूंना फळ्या, चौथ्या बाजूला तोंडाशी लांब, किंचित वाकलेले तारांचे दात, आणि वर धरायला मूठ. मला झुडपाखालून घालायचं आणि हलक्या हाताने वर ओढायचं. पानं दातांमधून निसटून झाडावरच राहतात, फळं अडकतात आणि घरंगळत माझ्या पोटात येतात. माझं सगळं आयुष्य या एका हालचालीत गेलं.

दात का काढावे लागले आणि आज सकाळी डोंगरावर काय चाललं आहे, ते क्रमाने सांगते. जे मला माहीत नाही, ते सांगणार नाही.

मला घडवलं एका खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याने. त्याच्या दुकानात पाय मोडलेल्या, पाठ निखळलेल्या खुर्च्यांची रांग कायम असे आणि त्यांतल्या अर्ध्या परत न्यायला मालक फिरकतही नसत. माझी मूठ अशाच एका बेवारस खुर्चीच्या पायाची आहे. पोट एका ड्रॉवरच्या फळ्यांचं आहे. दात सायकलच्या चाकाच्या तारांचे होते. त्याची मुलगी पहिल्यांदा फळं काढायला निघाली होती आणि आईच्या फणीची मूठ तिच्या हातात मावत नव्हती, म्हणून त्याने मला केलं. आज त्या मुलीला सगळे आत्या म्हणतात. तेव्हा ती कुणाचीच आत्या नव्हती. तिचा धाकटा भाऊ अजून रांगत होता.

दोन दातांमध्ये अंतर किती, हे ठरवायला त्याने पट्टी घेतली नाही. पाण्याच्या हौदाजवळ एक झुडूप होतं, तिथून त्याने मुलीला पिकलेली फळं आणायला सांगितली. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, निळी, वर पांढुरकी झाक असलेली फळं. ती त्याने दोन तारांवरून सोडून पाहिली. पिकलेलं फळ अडलं पाहिजे, हिरवं आणि खुरटं निसटलं पाहिजे. तसं अंतर जमल्यावर त्याने भोकं पाडली.

"मग निसटलेली कुणाची?" मुलीने विचारलं.

"पाखरांची. त्यांच्याशी भांडायला मला वेळ नाही, माझ्या खुर्च्या पडल्यात," तो म्हणाला.

ही रीत त्याच्या एकट्याची नव्हती. वापरून वापरून तारा फाकतात, म्हणून दर वर्षी तोडणीच्या आधी फळांचा जॅम करायच्या आमच्या भट्टीसमोरच्या अंगणात सगळ्या फण्या मांडल्या जात. हौदाजवळच्या झुडपाची फळं आणून प्रत्येक फणीवरून सोडली जात. फळ खाली पडलं तर पकडीने दात जवळ घ्यायचे, वर फार अडलं तर सैल करायचे. याला माप घालणं म्हणत. पट्ट्या झिजतात आणि एकाची पट्टी दुसऱ्याशी जुळत नाही, फळ मात्र सगळ्यांचं एकच. पद्धत चोख होती. तिच्यात कुणाला कधी खोट दिसली नाही.

दुसरी रीत अशी की उताराच्या प्रत्येक भागात पहिली ओढ सगळ्यांत जुन्या फणीची. ती होईपर्यंत बाकी कुणी वाकायचं नाही. आईची फणी मोडल्यावर तो मान माझ्याकडे आला, म्हणजे खरं तर माझी मूठ धरणाऱ्या हाताकडे.

माझी उमेदीची वर्षं आठवली की सगळ्यात आधी आवाज आठवतो. आत्याला रिकाम्या हाताने चढ चढता येत नसे. हातात मूठ असली की चाल लागते, असं ती म्हणायची, त्यामुळे फुलांच्या दिवसांतही मी तिच्यासोबत वर जायची. या झुडपाचं फूल म्हणजे एक इवलंसं पालथं मडकं, अरुंद तोंड खाली. पराग आत कोंडलेला. मधमाशी येते, डोकावते आणि निघून जाते. भुंग्याचं तसं नाही. तो जाडजूड, केसाळ, फुलाला खालून लोंबकळतो आणि सगळं अंग थरथरवतो. त्या थरथरीने पराग मिठाच्या बाटलीतून मीठ पडावं तसा त्याच्या पोटावर पडतो, आणि तो घेऊन तो पुढच्या फुलावर जातो. एका भुंग्याचा आवाज काही फार नसतो. पण त्या वर्षांत सगळा उतार शिवणयंत्रांच्या कारखान्यासारखा घरघरत असे. एकमेकींशी बोलायचं तर बायकांना आवाज चढवावा लागे.

फुलाला पराग भरपूर मिळाला की फळात बिया भरपूर धरतात, आणि जितक्या बिया जास्त तितकं फळ फुगतं. हे मला कुणी शिकवलं नाही. माझ्या पोटात पडणाऱ्या फळाच्या वजनावरून ते मला कळत होतं. चांगल्या वर्षी आवाज जड यायचा आणि थोड्या ओढींत मी भरून जायची.

माझं कौतुकही झालं. खालून छोटा ट्रक घेऊन एक घाऊक खरेदीदार येत असे. तो प्रत्येकीची फणी उलटी करून पानं शोधायचा आणि पान दिसलं की नाक मुरडायचा. माझ्यात त्याला कधी पान सापडलं नाही. एकदा तो म्हणाला, ही फणी म्युझियममध्ये ठेवायला हवी. आत्या म्हणाली, "आधी तुम्ही जाऊन या. जागा कशी आहे ते कळवा, मग हिला पाठवते."

पुढे धाकट्या भावाचं लग्न झालं आणि त्याच्या बायकोने भट्टी हातात घेतली. तांब्याचं मोठं पातेलं, लांब दांड्याचा डाव, वाफेने धुरकटलेल्या काचा, चपला चिकटाव्यात अशी फरशी. थंड बशीवर एक थेंब टाकायचा, बशी तिरकी करायची आणि थेंब किती धावतो यावरून पाक झाला की नाही ते ओळखायचं, यात भावजयीचा हात धरणारं कुणी नव्हतं. नणंद-भावजयीचं एकमेकींशिवाय पान हलत नसे आणि एकमेकींशी पटतही नसे. "ताई, जेवताना तरी तिला खाली ठेवा," भावजय माझ्याकडे बघत म्हणायची, "की तिलाही घास भरवणार आहात?" आत्या मला मांडीवरून उचलून शेजारी ठेवायची आणि म्हणायची, ही निदान गप्प तरी बसते.

मग प्लॅस्टिकच्या फण्या आल्या. लाल रंगाच्या, हलक्या, एका साच्यातून निघालेल्या. तोपर्यंत आत्याचं मनगट दुखायला लागलं होतं. तिनेही एक लाल फणी घेतली, आणि मी भट्टीच्या दारामागे एका रेनकोटखाली खिळ्याला टांगली गेले. कोळ्याने माझ्या दातांत जाळं विणलं. दार उघडलं की मी भिंतीवर आपटायची आणि कुणीतरी म्हणायचं, काय आहे तिथे. वर्षातून एकदा मात्र मला उतरवत. मान माझा होता ना. अंगणात माप घालत, उतारावर एक ओढ ओढत, टाळ्या वाजवत आणि परत टांगत.

आता नीट ऐका, मित्रांनो, कारण जे बिघडलं ते इथे बिघडलं.

दर वर्षी माप घालताना हौदाजवळचं फळ माझ्या दातांतून खाली पडायचं. दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, टांगून टांगून तारा फाकल्या. आणि दर वर्षी पकडीने माझे दात केसभर जवळ घेतले जायचे. तारा फाकल्या नव्हत्या. रेनकोटखाली टांगलेल्या फणीच्या तारा कशाने फाकणार? पण एका वर्षाचं केसभर कुणाला दिसत नाही. लाल फण्यांचे दात वाकत नव्हते, म्हणून कारखान्याकडून थोड्या बारीक दातांच्या मागवल्या, त्यानंतर आणखी बारीक. फणीत फळ अडतंय ना, मग ठीक आहे, असं सगळे म्हणत. ज्या फळाने फणी मोजायची तेच फळ आकसत होतं, आणि त्यामुळे माप दर वर्षी बरोबर येत होतं.

फळ का आकसत होतं, ते मी दारामागून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. सुरुवातीच्या बातम्या आनंदाच्या होत्या. बर्फ लवकर गेलं, वाट लवकर मोकळी झाली, लाकूड कमी जळलं. पुढच्या एका वर्षी फुलंही लवकर आली आणि बायकांनी त्याचं कौतुक केलं. मग एकदा फुलं उमलून गेल्यावर थंडी परत फिरली आणि सगळा खालचा उतार एका सकाळी काळा पडला. ज्या वर्षी थंडी फिरली नाही, त्या वर्षी भुंगे नव्हते. भुंग्यांच्या राण्या जमिनीखाली झोपतात आणि जमीन ऊबदार झाली की उठतात. फुलांनी त्यांची वाट बघितली नाही. त्या उठून बाहेर आल्या तेव्हा निम्मी फुलं गळून गेली होती. पुढे उन्हाळे असे तापायला लागले की अंगभर केसांचा कोट घातलेल्या त्या जिवाला खाली राहवेना. भुंगे वर सरकले. एका वर्षी कुणी म्हणालं, आता वळणाच्या पुढेच ऐकू येतात. काही वर्षांनी, आता मोठ्या खडकापासून. मोठ्या खडकाच्या वर थोडासा उतार आहे, मग शिखर आणि त्यानंतर आकाश.

उपाय झालेच नाहीत असं नाही. भाऊ आजारपणात गेला, भट्टी भावजयीच्या एकटीच्या अंगावर पडली, आणि तिने हातपाय गाळले नाहीत. तिने एका मधवाल्याला बोलावलं. तो पेट्या घेऊन आला, उतारावर मांडल्या आणि फुलं गळेपर्यंत एका पालथ्या डब्यावर बसून बघत राहिला. त्याच्या मधमाश्या रस्त्याकडेच्या तणावर गेल्या, झुडपांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी तो भट्टीत येऊन म्हणाला, "बाई, माझ्या माश्या कामचुकार नाहीत. पण त्यांची जीभ तिथे पोचत नाही आणि थरथरणं त्यांच्या कुळात नाही."

"मग तुम्हीच थरथरा," भावजय म्हणाली. तो हसला, तीही हसली, आणि त्याने पेट्या ट्रकमध्ये चढवल्या.

एक जागा तेवढी उरली होती. मोठ्या खडकाच्या पोटाशी उतार आत वळून खोलगट झाला आहे. तिला ओंजळ म्हणतात. तिथे सावली लवकर येते, बर्फ उशिरा जातं, आणि फुलं अजून वेळेवर येतात. उरलेले भुंगे तिथेच होते. ते ध्यानात आल्यापासून आत्याने ओंजळीत पहिली ओढ ओढायला नकार दिला होता. पहिली ओढ नाही म्हणजे कुणाचीच नाही. बायका कुरकुरल्या, पण रीत कुणी मोडली नाही. ओंजळ तशीच राहिली.

या वर्षी माप घालायचा दिवस आला. हौदाजवळचं फळ लाल फण्यांमधून पडलं. माझ्यातूनही पडलं. पकडीने दात आणखी जवळ घ्यायला गेल्यावर तारा मुळाशी पिचायला लागल्या. कारखाना याहून बारीक दात करत नव्हता. तेव्हा ठरलं की सगळ्यांनी परत लाकडी फण्या काढायच्या आणि त्यांत नवे, जास्त दात बसवायचे. हे काम भाचीकडे गेलं. भावजयीची ही मुलगी सायकली दुरुस्त करते. आजोबांचं दुकान आणि आजोबांचा बाक तिच्याकडेच आहे.

मंगळवारी दात निघाल्यावर तिने माझ्यावर फुंकर मारली, मला उजेडात धरलं आणि बराच वेळ भोकांकडे बघत बसली. आत्या शेजारी स्टुलावर होती.

"आत्या, आजोबांनी भोकं एवढी लांब लांब का पाडली? चुकले होते का?"

"ते चुकत नसत," आत्या म्हणाली.

भाचीने दोन जुने दात परत त्यांच्या मूळ भोकांत सरळ उभे केले. हौदाजवळचं एक फळ त्यांच्यावर ठेवलं. ते थांबलंच नाही, आरपार गेलं. मग तिने दोन फळं जोडीने सोडली. तीही गेली.

आत्याने दोन्ही फळं टॉवेलवरून उचलली आणि तळहातावर घेतली. "आपण दर वर्षी माप घातलं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. दर वर्षी बरोबर आलं."

भाचीने विचारलं, नवे दात बसवू का. आईने सांगितलं होतं, सगळ्या फण्या आजच हव्यात. आत्याने दोन्ही फळं टॉवेलवर परत ठेवली. उठून निघून गेली. दात बसले.

नव्या दातांनी मी काय करते हे बुधवारी कळलं. खालच्या उतारावर बाकीच्यांसारखी मलाही चालवून बघितलं. फळं थोडी आली, बारीक, एका बाजूला दबलेली. त्यांच्याबरोबर पानं आली. आणि पानांबरोबर लालसर, टोकदार, तांदळाएवढ्या कळ्या आल्या. हे झुडूप पुढच्या वर्षीची फुलं याच दिवसांत कळ्यांच्या रूपाने बांधून ठेवतं, मित्रांनो. रुंद दातांतून त्या निसटून जातात, आता त्या अडतात. आत्याने माझ्या पोटातून एकेक कळी निवडून ओट्यावर ठेवली आणि भट्टीत भावजयीला बोलावून दाखवली.

भावजयीने ती बघितली. ती डोळे झाकून बसणारी बाई नाही. पण पातेलं कोरडं होतं, खरेदीदाराने निरोप पाठवला होता की या खेपेला ट्रक रिकामा गेला तर पुन्हा इकडे वळायचा नाही, आणि भट्टी बंद पडली तर खाली शहरात जाण्यावाचून मायलेकींना वाट नव्हती. तिने ओंजळीचं नाव काढलं. तिथलं फळ अजून पूर्वीसारखं भरलेलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"भुंगे फुलांवर येतात, ताई. आता फुलं नाहीत. फळं काढली तर भुंग्यांचं काय जातं?"

"कळ्या जातात."

"मग हातांनी तोडू."

"किती हातांनी? आठवडाभरात गळून जातं ते. मी एक ओढ ओढली की या सगळ्या बारीक फण्या माझ्या मागून आत शिरतील. त्यांना कोण अडवणार, तू?"

भावजय डाव घासत राहिली. पाठमोरीच बोलली. "पुढच्या वर्षाचं मला कळतं. पण मला आधी हे वर्ष काढायचंय."

"आणि पुढच्या वर्षी काय उकळशील? पानं?"

"पुढच्या वर्षी इथे कोण असेल ते तरी सांगा."

आत्याने दाराकडे पाहिलं. ती ज्या मुलीला अंगाखांद्यावर खेळवून आत्या झाली, ती मुलगी दाराशी उभी राहून दोघींचं ऐकत होती. शेवटी आत्या म्हणाली, वर जाऊन बघते. ओंजळ पूर्वीसारखी दिसली तर ओढ ओढणार नाही, मग तुम्ही मला घराबाहेर काढलं तरी चालेल. भावजय म्हणाली, घर तुमचंच आहे, काढायचं तर मलाच काढा. त्यावर भाची म्हणाली, आधी वर तर चला, कुणाला काढायचं ते येताना ठरवू. दोघीही हसल्या नाहीत.

आज उजाडल्यावर आम्ही निघालो. आत्या पुढे, मी तिच्या हातात, मागे भावजय, भाची आणि उतारावरच्या सगळ्या तोडणाऱ्या बायका, बादल्या आणि बारीक दातांच्या फण्या घेऊन. खालचा उतार ओलांडताना फक्त बादल्यांच्या कड्या वाजत होत्या. वळणापाशी भावजय दम खायला थांबली आणि म्हणाली, केवढी शांतता आहे. बाकीच्यांनी मान डोलावली. ही शांतता कुठून आली हे त्यांना ठाऊक होतं.

ओंजळीत पोचल्यावर मागच्या बायकांच्या तोंडून एकदम श्वास सुटला. झुडपं वाकली होती. फळं निळी, गोल, अंगावर पांढरी झाक. एकीने एक तोडून तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. तरुण मुलींनी एवढं फळ कधी पाहिलंच नव्हतं. एकीने विचारलं, ही वेगळी जात आहे का. भाची म्हणाली, नाही, ही तीच आहे.

आत्या गुडघ्यांवर बसली. मला एका झुडपाखाली घातलं. फांदीचं वजन माझ्या दातांवर आलं आणि तेवढ्यावरूनच कळलं की हे फळ भरलेलं आहे. आता ती एक तर मला वर ओढणार होती किंवा मागे घेणार होती. मागे सगळ्या जणी वाकायच्या बेतात उभ्या होत्या.

तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. तिचा हात थांबला, मग तिने दुसऱ्या हाताने फांदी उलटी केली. पिकल्या फळांच्या मधोमध एक पालथं पांढरं मडकं लोंबत होतं. त्याच्या शेजारी दुसरं. टोकाला आणखी काही, अर्धवट उमललेली.

"फुलं? आत्ता?" भावजय खाली वाकली.

मागून कुणीतरी म्हणालं, झाडाला एक कॅलेंडर आणून द्या.

पुढच्या वर्षीच्या कळ्या होत्या त्या. एव्हाना इथे थंडी लागायला हवी होती, पण ऊब ओंजळीपर्यंत चढली होती आणि कळ्यांनी तिला वसंत समजून तोंडं उघडली होती. भुंग्यांच्या जुन्या राण्या आता मेलेल्या असतात आणि नव्या जमिनीखाली गेलेल्या असतात. या फुलांवर कुणी येणार नाही. त्यांचं फळ होणार नाही, आणि पुढच्या वर्षी बर्फ वितळून नव्या राण्या भुकेल्या बाहेर पडतील तेव्हा या फांदीवर त्यांच्यासाठी काही नसेल. आत्याने हे सगळं बोलून दाखवलं नाही. तिने एक फूल तोडलं, बोटावर उलटं केलं, आत बघितलं आणि भावजयीच्या हातात दिलं.

भावजय जिंकल्यासारखी बोलली नाही. अगदी हळू विचारलं, "मग वाचवायचं काय राहिलं, ताई?"

आत्याने मला झुडपाखालून बाहेर घेतलं, रिकामी, आणि खडकावर दात वर करून ठेवलं. "वाकू नका," मागच्या बायकांना म्हणाली. आणि ती ओंजळीत शिरली. पहिलं झुडूप तिने फांदी फांदी उचलून बघितलं, मग दुसरं. किती कळ्या उघडल्या आणि पुढच्या वर्षासाठी किती अजून मिटलेल्या आहेत, ते ती बघते आहे. एवढंच मला इथून कळतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला तेल नको, नवा खिळा नको, आणि माझे दात परत रुंद केलेत तरी तेवढ्याने काही होणार नाही. एकच मागते. तुमच्या घरी, शेतात, दुकानात, तुम्ही कशाने तरी रोज काहीतरी मोजत असाल आणि ते बरोबर येत असेल. ते बरोबर येतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्याने मोजता, ते पूर्वी केवढं होतं, हे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि तो सांगेल ते त्याच वर्षी मनावर घ्या.

थोड्या वेळापूर्वी ऊन खडकावर आलं. बायका बादल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या आहेत. भाची माझ्याजवळ उभी आहे, तिने मला उचललेलं नाही. भावजयीने कंबरेचा रुमाल सोडून डोक्याला बांधला, ओंजळीला वळसा घातला आणि ती दुसऱ्या टोकाकडून आत शिरली. तीही वाकून एकेक फांदी उलटी करते आहे. दोघींमध्ये अजून बरीच झुडपं आहेत.